एका शेकाचा दिवस

सकाळी ६:३०

रेडिओसर्जरी ठरलेली असते त्या दिवशी माझं काम रुग्ण येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. मी डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरणांची मात्रा किती, कोणत्या बाजूने, किती वेळ आणि किती अचूक, हा हिशेब माझ्याकडे असतो. गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातलं, नोकरी मुंबईतल्या एका रुग्णालयात. गावी कुणी विचारलं तर आई सांगते, ‘पोरगी कॅन्सरवाल्यांना शेक देते.’

आज ज्यांना शेक द्यायचा आहे त्या मावशी आमच्याच भागातल्या. त्यांचं नाव-गाव इथे सांगत नाही. स्तनात सुरू झालेला त्यांचा आजार मेंदूत पोचलाय आणि तिथे तीन गाठी झाल्यात. कवटी न उघडता, बाहेरून सोडलेल्या किरणांनी, एकाच बैठकीत या तिन्ही गाठी निकामी करायच्या आहेत. यालाच रेडिओसर्जरी म्हणतात.

हे किरण लिनॅकमधून निघतात. लिनॅक म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर. विजेच्या जोरावर तो इलेक्ट्रॉन पळवतो आणि ते टंगस्टनवर आदळले की क्ष-किरण निघतात. रोजच्या रेडिएशनलाही हेच मशीन वापरतात. पण रोजचा शेक थोडाथोडा करून कित्येक आठवडे चालतो; एखाद्या दिवशी मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर बाकीचे दिवस ते सांभाळून घेतात. रेडिओसर्जरीत सगळी मात्रा एकदाच जाते. चुकलं तर सुधारायला दुसरा दिवस मिळत नाही.

म्हणून सगळ्यात आधी विन्स्टन-लुट्झ चाचणी. मशीनच्या सगळ्या फिरण्याचे अक्ष ज्या एका बिंदूत एकमेकांना छेदतात, तिथे काही मिलिमीटर व्यासाची धातूची गोळी ठेवायची. मग मशीनचं डोकं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवायचं, टेबलही वेगवेगळ्या कोनांत वळवायचं आणि प्रत्येक वेळी गोळीचा फोटो घ्यायचा. फोटोत किरणांच्या झोताचा मध्य आणि गोळीचा मध्य यांच्यात किती अंतर पडतं ते मोजायचं. मर्यादा एक मिलिमीटरची. आज सगळी अंतरं तिच्या बरीच आत आली. मशीन किती मात्रा सोडतंय तेही मोजलं. नोंदवहीत आकडे लिहून सही केली.

सकाळी ८:००

रोजची मीटिंग. न्यूरोसर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, कॅन्सरची औषधं देणारे डॉक्टर, एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि आम्ही फिजिसिस्ट एका टेबलाभोवती बसतो. मावशींचा निर्णय मागच्या आठवड्यात इथेच झाला. तो सहज झाला नव्हता, म्हणून सांगते.

मावशींचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह प्रकारचा. ऑपरेशन झालं, केमो झाली, ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध वर्षभर चाललं आणि फार चांगलं लागू पडलं. पण त्या औषधाचा रेणू मोठा असतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्यातून तो फारसा आत जाऊ शकत नाही. त्यामुळे बाकी शरीर स्वच्छ आणि मेंदूत मात्र गाठी, असं चित्र या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच बायकांत दिसतं. मावशींच्या यकृतात काही नाही, फुप्फुसात काही नाही, हाडांत काही नाही.

त्या दिवशी एका तरुण डॉक्टरने विचारलं, ‘पेशंट हिंगोली जिल्ह्यातली आहे. रेडिओसर्जरी केली तर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय लागणार. ती येईल का? त्यापेक्षा सगळ्या मेंदूला दहा दिवस शेक देऊन पाठवू. आज न दिसणारे कणही मरतील.’

प्रश्न बिनतोड होता. रेडिओसर्जरी फक्त दिसणाऱ्या गाठींवर होते. पुढे मेंदूत दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते आणि पूर्ण मेंदूच्या शेकाने ती शक्यता खरोखर कमी होते. पण त्याची किंमत आता मोजली गेलेली आहे. पॉल ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेत केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एक ते तीन गाठी असलेले २१३ रुग्ण होते. काहींना फक्त रेडिओसर्जरी दिली, काहींना रेडिओसर्जरी आणि वर पूर्ण मेंदूचा शेक. तीन महिन्यांनी आठवण, शब्द, लक्ष यांच्या चाचण्या घेतल्या. फक्त रेडिओसर्जरी झालेल्यांत १०० पैकी साधारण ६४ जणांची घसरण दिसली. पूर्ण मेंदूचाही शेक घेतलेल्यांत ९२ जणांची. आणि आयुष्य काही त्या जादा शेकाने वाढलं नाही.

गाठी तीनपेक्षा जास्त असल्या तर काय, याचं उत्तर जपानने त्याआधी दिलं होतं. यामामोटो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ११९४ रुग्णांचा अभ्यास छापला. दोन ते चार गाठी असलेले आणि पाच ते दहा गाठी असलेले, दोन्ही गटांना फक्त रेडिओसर्जरी दिली होती. दोन्हीकडे मध्यक आयुर्मान १०.८ महिनेच निघालं. दहा गाठींपर्यंत दार बंद करायचं कारण नाही, हे तेव्हापासून जगभर मानलं जाऊ लागलं.

माझं मत त्या दिवशीही स्पष्ट होतं आणि मी ते मांडलं. गाव लांब आहे म्हणून बाईची आठवण कमी मोलाची ठरत नाही. लांब असण्याचा प्रश्न एमआरआय तिच्या जवळ नेऊन सोडवायचा, तिचा मेंदू शेकून नाही. सगळ्यांनी मान्य केलं, एका अटीवर: दर तीन महिन्यांचा एमआरआय कुठे होणार, हे उपचाराआधी ठरवायचं.

सकाळी ९:१५

मावशी आणि त्यांचा मुलगा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून आले. गेली कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या कॅन्सरच्या रुग्णांना मुंबईत पाय टेकायला जी मोजकी ठिकाणं मिळतात, त्यांतलं हे एक.

‘माय, तू वसमतकडचीच ना?’ मावशींनी विचारलं. बोलण्यावरून ओळखलं म्हणाल्या.

डोकं कधीपासून दुखत होतं ते मी पुन्हा विचारलं, कारण हे सगळ्यांना कळायला हवं असं मला वाटतं.

‘हळद काढायच्या येळंपासूनच. सकाळी उठलं की दुखायचं, मंग एखादी उलटी व्हायची. उलटी झाली की जरा बरं वाटायचं. मला वाटलं उन्हानं पित्त झालं.’

गावाकडच्या दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, सलाईन मिळालं. कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे, हे मावशींनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात जाईपर्यंत त्या तशाच कामाला जात राहिल्या. पुढे चालताना तोल जायला लागला, उजवा पाय ओढायला लागला, तेव्हा मुलाने नांदेडला नेलं. तिथे एमआरआय झाला.

‘ताई, तिथं एक जण म्हणले, डोक्यात गेलंय, आता घरी न्या, सेवा करा,’ मुलगा सांगत होता. ‘आम्ही नेणारच होतो.’

त्यांना घरी न जाता मुंबईला पाठवलं ते नांदेडच्याच दुसऱ्या एका डॉक्टरने. एक चिठ्ठी आणि एक फोन, एवढंच त्याने केलं. माझ्या लेखी आजच्या दिवसातलं अर्धं काम त्याचं आहे.

मावशींची वेगळीच शंका होती. डेक्सामेथासोनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून डोकं दुखायचं थांबलं होतं, पायही सुधारला होता. मग शेक कशाला? मी समजावलं: गाठीभोवती मेंदूला सूज येते, गोळी ती सूज उतरवते. गाठ जागेवरच असते. गोळी जास्त दिवस घेतली तर साखर वाढते, मांड्यांतली ताकद जाते, झोप उडते. म्हणून गोळीच्या जोरावर बरं वाटतंय तोवरच खरा उपचार करून घ्यायचा.

‘टक्कल करावं लागंल का?’ नाही. ‘चिरफाड?’ नाही. भूल? नाही. शुद्धीत राहायचं, फक्त हलायचं नाही.

मुलाने मग दबकत विचारलं, ‘आपल्याकडं एवढी हळद. लोकं म्हणतात हळदीनं कॅन्सर जातो. मी रोज चमचा-चमचा देतोय, चालंल ना?’ हिंगोली-वसमतच्या माणसाने हे विचारणं साहजिक आहे. आमच्या घरांचं सगळं वर्ष हळदीच्या भावावर उभं असतं. मी खरं ते सांगितलं. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत पुष्कळ काम झालंय, पण पोटातून ते रक्तात फार थोडं उतरतं आणि माणसाच्या मेंदूतली गाठ त्याने गेल्याचा पुरावा नाही. भाजीत घालता तेवढी खुशाल घाला. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, इतर औषधांशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही.

सकाळी १०:०० ते दुपारी १२:३०

आता खरं काम. काल मावशींचा मास्क बनवला होता. प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि ती थंड झाली की त्या चेहऱ्याच्या आकाराची कडक होते. गॅमा नाइफ या रेडिओसर्जरीच्या दुसऱ्या मशीनमध्ये पूर्वापार पद्धत वेगळी: जागेपुरती भूल देऊन चार स्क्रूंनी कवटीला धातूची चौकट बसवायची. स्टॉकहोमचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली आणि साठच्या दशकाच्या शेवटी पहिला गॅमा नाइफ उभा केला. आपल्या देशात तो १९९७ मध्ये आला, मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात. नव्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे १९२ स्रोत असतात, सगळे एका बिंदूकडे रोखलेले. आमच्या लिनॅकमध्ये झोत एकच असतो, पण तो रुग्णाभोवती कमानीत फिरतो आणि गाठीच्या आकाराप्रमाणे क्षणोक्षणी आपला आकार बदलतो. दोन्हींचं तत्त्व एकच आहे.

ते तत्त्व असं. आमच्याकडे औंढ्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत चारी वाटांनी माणसं येतात. वाटेवरच्या कुठल्याच गावाला त्यांचा भार जाणवत नाही. दाटी होते ती नागनाथाच्या देवळाशी. किरणांचं तसंच आहे. प्रत्येक दिशेने येणारा किरण इतका हलका की वाटेतला मेंदू तो सोसून नेतो, आणि सगळे जिथे भेटतात तिथली मात्रा गाठीला सोसत नाही.

कालचा एमआरआय आणि मास्क घालून काढलेला सीटी स्कॅन मी संगणकावर एकमेकांवर बसवला. एमआरआयमध्ये गाठ उठून दिसते, सीटीमध्ये हाडं आणि अंतरं खरी असतात. दोन्ही तंतोतंत जुळले का, ते मी डोळ्यांच्या खोबणी, कानाची हाडं, मेंदूच्या मधल्या पोकळ्या एकेक करून तपासते. इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकीच्या जागी अचूक होईल.

मग रेडिएशनच्या डॉक्टरांनी पडद्यावर तिन्ही गाठी रेखल्या. एक डावीकडे वरच्या भागात, पाय हलवणाऱ्या पट्ट्याजवळ, ११ मिलिमीटरची. उजवा पाय तिच्यामुळेच ओढत होता. दुसरी लहान मेंदूत, १६ मिलिमीटर. तोल तिनेच घालवला. तिसरी ६ मिलिमीटरची, अजून काहीच त्रास न देणारी. एमआरआय पातळ काप घेऊन, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन केला नसता तर ही तिसरी सुटली असती. नांदेडच्या फिल्मवर ती दिसत नव्हती.

गाठींच्या बरोबरीने जपायचं ते सगळंही रेखायचं असतं: डोळ्यांच्या नसा, त्या एकमेकींना ओलांडतात ती जागा, मेंदूचं खोड, आतला कान. डोळ्यांच्या नसा एका बैठकीत साधारण आठ ते दहा ग्रेच्या वर सोसत नाहीत. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक. गाठीला मात्र त्याच्या दुप्पट-अडीचपट द्यायची असते. अमेरिकेतल्या एका जुन्या चाचणीने आखून दिलेल्या मर्यादा आम्ही आजही समोर ठेवतो: दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे, दोन ते तीनमधल्या गाठीला १८, तीन ते चारमधल्या गाठीला १५. गाठ मोठी तितकी मात्रा कमी, कारण गाठ वाढते तसा तिच्याभोवतीचा भाजला जाणारा चांगला मेंदूही वाढतो. ज्या मोठ्या गाठीला जास्त जोर हवा तिलाच कमी द्यावा लागतो, ही या उपचाराची सगळ्यात मोठी अडचण. मावशी दोन महिने आधी आल्या असत्या तर लहान मेंदूतली गाठ याहून सोपी गेली असती. दोन महिने उशिरा आल्या असत्या तर कदाचित कवटीच उघडावी लागली असती.

आज दोन गाठींना २२ ग्रे ठरले, पायाच्या पट्ट्याजवळच्या गाठीला २०. मी कमानींचे कोन ठरवले, संगणकाने गणित मांडलं, ते मला पटलं नाही. १२ ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा किती चांगल्या मेंदूला मिळते, हा आकडा मी सगळ्यात आधी पाहते. तो वाढला की पुढे काही महिन्यांनी तिथला मेंदू मरून सूज येण्याची भीती वाढते. एक कमान वळवली, एकीचा कोन बदलला, पुन्हा गणित. पुन्हा. तिसऱ्या प्लॅनमध्ये आकडा मनासारखा खाली आला आणि गाठींच्या कडांवरची मात्रा तशीच राहिली. डॉक्टरांनी काप-काप करून प्लॅन पाहिला आणि सही केली.

दुपारी १२:४५

प्लॅन आधी माणसाऐवजी ठोकळ्यावर चालवतात. ठोकळ्यात मात्रा मोजणारी सूक्ष्म यंत्रं असतात. संगणक म्हणतो तेवढीच मात्रा, तिथेच पडते का? पडली.

दुपारी १:३०

डबा. जेवताना बारामतीकडचा सहकारी म्हणाला, ‘तुझ्या गावाकडची म्हणून आज जास्त वेळ लावलास.’ तसं नाही. वेळ एवढाच लागतो.

दुपारी २:३०

मावशी टेबलावर झोपल्या. मास्क बसवून बाजूंनी अडकवला. तो घट्ट असतो, नाक आणि तोंड मोकळं असलं तरी पहिल्या मिनिटाला माणूस घाबरतो. तंत्रज्ञाने त्यांच्या हातात बटण दिलं: काही वाटलं तर दाबा, आम्ही लगेच आत येऊ. ‘मी जप करते,’ मावशी म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर आलो.

किरणांच्या आधी मशीन स्वतःच त्यांच्या डोक्याचा एक छोटा सीटी काढतं आणि सकाळच्या प्लॅनशी ताडून पाहतं. फरक मिलिमीटरच्या अंशांत निघाला, हनुवटी जराशी कलली होती. टेबल सहा दिशांनी हलू शकतं. ते तेवढंच सरकलं, तेवढंच तिरकं झालं. पुन्हा फोटो. जुळलं.

मग पहिली कमान. खोलीत कॅमेरे आहेत, मावशींचे ओठ हलताना दिसत होते. मी एक डोळा त्यांच्यावर आणि एक मात्रेच्या आकड्यांवर ठेवून होते. दोन कमानींच्या मध्ये टेबल वळतं; ते वळल्यावर डोकं हललं नाही ना, याची पुन्हा खात्री करायची. प्रत्यक्ष किरण सुरू असतात तो वेळ अगदी थोडा, बाकीचा सगळा वेळ खात्री करण्यात जातो. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत झालं.

मास्क काढला तेव्हा गालांवर जाळीचे वळ उठले होते.

‘झालं? मला तर काईच लागलं न्हाई.’

लागत नाहीच. किरण पेशीच्या आतला डीएनए तोडतात. तुटलेली पेशी त्या क्षणी मरत नाही. ती पुढे दोन व्हायला जाते तेव्हा मरते, किंवा वाढायची थांबते. म्हणून आज एमआरआय काढला तर तो कालच्यासारखाच दिसेल. गाठ आकसायला आठवडे, कधी महिने लागतात. अशा उपचारानंतर बहुतेक गाठी वर्षभर तरी काबूत राहतात. मावशींना मी एवढंच म्हटलं, ‘काम झालंय, दिसायला वेळ लागेल.’

दुपारी ३:३०

मुलाला समोर बसवून डॉक्टरांनी सांगितलं आणि मी कागदावर मराठीत लिहून दिलं. डेक्सामेथासोनची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. लिहिलंय तशी पायरीपायरीने कमी करायची. ती चालू आहे तोवर साखर तपासायची. फिट येऊन गेली, डोकं पुन्हा सकाळी दुखायला लागलं, हात-पाय लुळा पडला तर वाट न बघता दवाखाना. आणि सहा-आठ महिन्यांनी एमआरआयमध्ये शेक दिलेल्या जागी चमकणारा डाग दिसला आणि कुणी ‘पुन्हा वाढलं’ म्हटलं, तर घाबरून निर्णय घ्यायचा नाही. किरणांनी मेलेला भागही तसाच दिसतो. ते चित्र आमच्याकडे पाठवायचं, दोन्हींतला फरक ओळखायच्या तपासण्या आहेत.

संध्याकाळी ४:३०

आजची दुसरी फाईल जड होती. सेनगावकडचे एक काका, फुप्फुसाचा कॅन्सर, मेंदूत मोजता येणार नाहीत इतक्या गाठी, त्यातली एक चार सेंटिमीटरहून मोठी, आणि मेंदूच्या आवरणातही पसरलेलं. काका दिवसातला बहुतेक वेळ झोपून असतात. इथे रेडिओसर्जरीचा उपयोग नाही. पूर्ण मेंदूचा शेकही डोळे झाकून द्यायचा नसतो. २०१६ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या एका मोठ्या चाचणीत, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरी शक्य नव्हती, त्यांना या शेकाने डेक्सामेथासोन आणि चांगली शुश्रूषा यांपेक्षा फारसं जास्त काही मिळालं नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट तपासायला सांगितली: गाठीच्या तुकड्यात ईजीएफआर जनुकातला बदल आहे का. आपल्याकडच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो बराच सापडतो, आणि असला तर ओसिमर्टिनिबसारखी गोळी मेंदूपर्यंत पोचते. तो अहवाल येईपर्यंत दुखणं कमी ठेवायचं, उलटी थांबवायची, घरच्यांशी खरं बोलायचं. ते खरं बोलणं आज डॉक्टरांनी अर्धा तास खाली बसून केलं.

संध्याकाळी ५:३०

कागदपत्रं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयात आणि आधी मंजुरी घेऊनच. मंजुरीआधी पैसे भरून मोकळं झालेलं माणूस मग हेलपाटे घालत राहतं. दवाखान्यात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा योजनेच्या आरोग्यमित्राला गाठायचं. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीत जवळ ठेवायचं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. चेअरकारला दोघांनाही ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो मी मावशींच्या मुलाला मागून घ्यायला लावला. हिंगोलीहून मुंबईला थेट जनशताब्दी सुरू झाल्यापासून प्रवास पुष्कळ सुसह्य झालाय, पण मेंदूवर सूज असलेल्या माणसाला तोही लांबच.

संध्याकाळी ६:३०

शेवटचं काम पत्र लिहिण्याचं. ठरल्याप्रमाणे नांदेडच्या एमआरआय केंद्राला कळवलं: तीन महिन्यांनी या रुग्णाचा स्कॅन करा, कॉन्ट्रास्ट देऊन, एक मिलिमीटरचे काप घेऊन, आजच्याच पद्धतीने, आणि सीडीवर मूळ प्रतिमा द्या. फिल्मवर सहा मिलिमीटरची गाठ मोजता येत नाही, सीडीवर येते. सीडी कुरिअरने आली तर मावशींना यायची गरज नाही. काही नवं दिसलं तरच बोलवू.

असा एमआरआय खरं तर हिंगोलीतच व्हायला हवा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. २०२४ मध्ये तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पट लहान हालचाल ती टिपणार आहे. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. त्याच जिल्ह्यातल्या माणसाला एक मिलिमीटरच्या अचूकतेसाठी साडेपाचशे किलोमीटरवर यावं लागतं, हेही मला रोज दिसतं. प्रत्येक जिल्ह्यात रेडिओसर्जरी व्हावी असं मी म्हणत नाही. तिला जाड भिंतींची खोली, रोजची तपासणी, सरावलेली माणसं आणि पुरेसे रुग्ण लागतात. चार दिवसांतून एकदा चालणाऱ्या मशीनवर माझ्या आईला मी झोपवणार नाही. पण नव्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात सरकारी दराने, ठरलेल्या पद्धतीने होणारा कॉन्ट्रास्ट एमआरआय, तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट, आणि चित्रं त्याच दिवशी मुंबईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयाला पाठवणारी व्यवस्था, एवढं आजच्या आज करण्यासारखं आहे. लोकप्रतिनिधींकडे मागायचं असेल तर हे मागा.

आणि घरात कुणाला कॅन्सर होऊन गेला असेल, अगदी पाच वर्षांपूर्वी का असेना, तर एवढं लक्षात ठेवा. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलटी होणं, तोल जाणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, बोलणं बोबडं होणं, आयुष्यात पहिल्यांदाच फिट येणं, यातलं काहीही झालं तर दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा: ‘यांना कॅन्सर झाला होता.’ कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करून घ्या आणि सीडी मागून घ्या. ‘डोक्यात पसरलंय’ असं कुणी सांगितलं तर तीन प्रश्न विचारा: गाठी किती, केवढ्या, आणि रेडिओसर्जरी होईल का. उत्तर मिळाल्याशिवाय माणसाला घरी नेऊ नका.